सावळी कातडी आणि नाशिकचं स्किन क्लिनिक: लेझर, पील, ट्यूब आणि सनस्क्रीनचा रोखठोक आढावा

कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड, कुठेही जा. स्किन क्लिनिकच्या पाटीवरचा चेहरा गोरा आणि आत बाकावर बसलेला पेशंट गव्हाळ, सावळा नाहीतर काळा. हा आढावा त्या पेशंटसाठी. कुठल्या क्लिनिकची शिफारस किंवा बदनामी इथे करायची नाही. कोणती सेवा आपल्या कातडीवर कशी चालते, कुठे फसते आणि खुर्चीत बसण्याआधी काय विचारायचं, तेवढंच सांगतो.

अमेरिका-इंग्लंडमधल्या काळ्या रुग्णांची तक्रार अशी की आमच्या कातडीवरचा आजार डॉक्टरांना ओळखताच येत नाही, कारण ते शिकले त्या पुस्तकांतली बहुतेक चित्रं गोऱ्या कातडीवरची. २०२० मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातला वैद्यकीय विद्यार्थी मलोन मुकवेंडे याने आपल्या शिक्षकांना सोबत घेऊन गडद कातडीवरची लक्षणं दाखवणारी पुस्तिका काढली ती याचसाठी. नाशिकच्या त्वचारोगतज्ज्ञाला ही अडचण त्या प्रमाणात नाही. तो सकाळपासून सावळी कातडीच बघत असतो. आपल्याकडे घोळ होतो तो यंत्राच्या तयार सेटिंगमध्ये, पार्लरच्या बाटलीत आणि मेडिकलच्या काउंटरवर.

त्यातला पहिला घोळ मोजपट्टीचा. क्लिनिकच्या फॉर्मवर 'स्किन टाइप' म्हणून जो आकडा लिहितात तो फिट्झपॅट्रिकच्या पट्टीवरचा. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन डॉक्टरने १९७५ मध्ये ती बनवली. सोरालेन हे कातडीला प्रकाशाबाबत जास्त संवेदनशील करणारं औषध देऊन अतिनील किरणांचे उपचार करताना गोऱ्या माणसाला सुरुवातीचा डोस किती द्यायचा, हे ठरवण्यासाठी. तेव्हा त्यात चारच प्रकार होते, पाचवा आणि सहावा नंतर जोडले. पट्टीचा मूळ प्रश्न काय, तर उन्हात गेलात की भाजून लाल होता, की काळवंडता? आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तर एकच, त्यामुळे अख्खं नाशिक चौथ्या-पाचव्या प्रकारात कोंबलं जातं. पण त्याच चौथ्या प्रकारातल्या एका बाईचा मुरमाचा डाग महिन्यात जातो आणि दुसरीचा वर्षभर हलत नाही. लेझर आणि पीलच्या (आम्ल लावून कातडीचा वरचा थर उतरवण्याच्या) दृष्टीने हा फरक रंगापेक्षा मोठा.

म्हणून फॉर्मवरच्या आकड्यावर न थांबता "डास चावला, तव्याचा चटका बसला, की डाग किती महिने राहतो?" असं जो डॉक्टर विचारतो, त्याला आमच्याकडून पहिला पूर्ण गुण. दुसरा गुण तपासणीला. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही; ती तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसते. सोरायसिसचा चट्टा जांभळट असतो, इसबाच्या जागी नुसतेच बारीक खरबरीत दाणे दिसू शकतात. अशा वेळी पिवळ्या मंद दिव्याखाली, मेकअप न पुसता, टेबलापलीकडून बघून काही कळत नाही. पांढरा उजेड हवा, हाताने चाचपून गरम आहे का, जाड आहे का बघायला हवं, आणि मूळ रंग कोणता ते दंडाच्या आतल्या बाजूला ताडून बघायला हवं. पाच मिनिटांचं काम आहे. एवढं न करता थेट पॅकेजचं कार्ड पुढे आलं, तर उठून निघालात तरी चालेल.

लेझर

केस काढण्याचं लेझर कशावर काम करतं? केसाच्या मुळातल्या मेलॅनिन या रंगद्रव्यावर. तेच मेलॅनिन आपल्या वरच्या कातडीतही भरपूर असतं आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. किरण मुळापर्यंत पोचण्याआधी वरचा थरच ती उष्णता पितो. नेहमीच्या तीन लेझरांत ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचं अलेक्झांड्राइट मेलॅनिनमध्ये सर्वांत जास्त शोषलं जातं. गोऱ्या कातडीवर उत्तम, आपल्याकडे धोक्याचं. ८०८-८१० चं डायोड मधलं. १०६४ चं लाँग-पल्स (लांब झोताचं) एनडी-याग सर्वांत कमी शोषलं जातं आणि खोल जातं, म्हणून गडद कातडीला ते सर्वांत सुरक्षित. त्याचा तोटा असा की बारीक लवीवर ते फारसं चालत नाही आणि दुखतंही जास्त. डायोडही चालतं, पण ऊर्जा कमी, पल्स लांब आणि टोक थंड ठेवून. आयपीएल हे मुळात लेझरच नव्हे; त्यातून एकाच वेळी अनेक तरंगलांबींचा प्रकाश येतो. सावळ्या चेहऱ्यावर केस काढायला आयपीएल वापरणाऱ्या ठिकाणी जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घरी वापरायच्या आयपीएल यंत्राच्या खोक्यावर रंगाची पट्टी छापलेली असते. तिच्यातले शेवटचे गडद चौकोन बहुधा फुलीचे असतात. ऑनलाइन मागवण्याआधी ती पट्टी आपल्या हाताशेजारी धरून बघा.

हल्ली 'ट्रिपल वेव्हलेंग्थ' हा शब्द जाहिरातीत फार चालतो. ७५५, ८१० आणि १०६४ तिन्ही एकाच यंत्रात. ऐकायला भारी वाटतं, पण बऱ्याच यंत्रांत तिन्ही किरण एकत्रच सुटतात. सावळ्या कातडीसाठी ७५५ बंद करायची सोय नसते. तेव्हा विचारायचं ते एवढंच: "१०६४ एकटं वापरता येतं का?" काउंटरवरच्या मुलीला उत्तर माहीत नसणं समजू शकतो. यंत्र चालवणाऱ्याला माहीत नसेल तर तिथे काम नको.

टेस्ट स्पॉट हा या सेवेचा कणा. जबड्याच्या कडेला किंवा कानाखाली, जिथे केस आहेत पण डाग पडला तरी चटकन दिसणार नाही अशा जागी, दोन-तीन शॉट कमी ऊर्जेवर मारतात. योग्य ऊर्जा लागली असेल तर काही मिनिटांत प्रत्येक केसाभोवती बारीक फुगवटी येते, अंगावर काटा आल्यासारखी. कातडीचा रंग तिथे राखाडी किंवा पांढुरका झाला, किंवा वरचा पापुद्रा बोटाने सरकला, तर ऊर्जा जास्त झाली. लगेच थांबून थंड करायचं. त्यानंतर किमान ४८ तास, आणि डाग राहण्याचा इतिहास असेल तर आठवडा-दोन आठवडे थांबून मगच पूर्ण चेहरा. "आज ऑफर आहे, आजच करून टाकू या ताई" हे वाक्य आलं की समजायचं, टेस्ट स्पॉट होणार नाही.

तयारी तुमच्याकडूनही लागते. आधीचे चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा बंद, कारण मूळच उपटलं तर लेझर शोषायला आत काही उरत नाही. रेझर चालतो, किंबहुना आदल्या दिवशी रेझर फिरवूनच जायचं. नुकतंच उन्हाने काळवंडलेलं असेल तर पुढे ढकला. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये स्कूटरवरून रोज सातपूर-अंबडला ये-जा करणाऱ्यांनी सुरुवातच दिवाळीनंतर करावी हे बरं. चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांचं अंतर, अंगाला सहा ते आठ. सहा ते आठ बैठका धरा, आणि त्यानंतरही केस कमी होतात, कायमचे जात नाहीत. 'परमनंट' हा शब्द छापील पावतीवर लिहून मागा, मग बघा काय होतं.

आणखी एक गोष्ट फार कमी ठिकाणी आधी सांगतात. गाल, जबडा आणि मानेवरच्या बारीक लवीवर लेझर मारल्यावर काही जणींना तिथे उलट जाड केस येतात. आपल्याकडच्या, अरब आणि भूमध्य सागराकाठच्या स्त्रियांमध्ये, विशेषतः पीसीओएस (हार्मोन्स बिघडवणारा अंडाशयाचा विकार) असेल तर, हे जास्त दिसतं. हनुवटीवर राठ केस आणि पाळी अनियमित असेल तर आधी हार्मोन्सची तपासणी. ती न करता घेतलेली आठ बैठकांची पॅकेजं वर्षभरात पुन्हा आठची होतात.

पील

ग्लायकोलिक पील गोऱ्या कातडीवर लावताना डॉक्टर एकसारखी लाली येण्याची वाट बघतात. ती आली की सोडा-बायकार्बोनेटच्या पाण्याने आम्ल मारायचं. सावळ्या कातडीवर ती लाली नीट दिसत नाही, म्हणून हात घड्याळाकडे आणि कान पेशंटकडे ठेवावा लागतो. पहिल्या वेळी २० ते ३५ टक्के, दोन-तीन मिनिटं, आणि चुरचुर एकाच जागी वाढली तर तिथे आधीच उतारा. सॅलिसिलिक २० ते ३० टक्के मुरमांच्या चेहऱ्याला चांगलं. ते लावल्यावर जो पांढरा थर दिसतो तो वाळलेल्या आम्लाचे कण असतात, ओल्या कापडाने पुसला जातो. पण टीसीए नावाच्या आम्लाने किंवा जोरदार ग्लायकोलिकने आलेला पांढरेपणा पुसला जात नसेल, तर कातडीतलं प्रथिन गोठलंय. आपल्या रंगावर त्यापुढे डागच. लॅक्टिक आणि मँडेलिक सावकाश जातात, म्हणून पहिल्यांदा पील घेणाऱ्याला तेच बरे. मध्यम खोलीचे पील सावळ्या चेहऱ्यावर करूच नयेत, या मताचे आम्ही आहोत.

पीलआधी दोन ते चार आठवडे सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेली रात्रीची क्रीम लावून कातडी तयार करतात, आणि रेटिनॉइड (ट्रेटिनॉइनसारखी 'अ' जीवनसत्त्वाच्या गटातली औषधं) तीन ते सात दिवस आधी बंद करतात. ही पायरी वगळून पहिल्याच भेटीत पील म्हणजे निव्वळ विक्री. पार्लरमधली लेबल नसलेली बाटली तर हातातही घेऊ नका. '४० टक्के' असं तोंडी सांगतात, पण पीएच, म्हणजे आम्लता, किती हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि आम्ल किती खोल जाईल ते टक्क्यांइतकंच पीएचवर ठरतं.

मेडिकलची ट्यूब

या आढाव्यातला सर्वांत वाईट शेरा इथे. "दादा, वांगाची ट्यूब द्या." "ही घ्या काकू, आठ दिवसांत फरक पडतो." फरक पडतोच, कारण ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. वांगासाठी सर्वांत खपणाऱ्या मिश्रणात २ टक्के हायड्रोक्विनोन, ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असतं. डॉक्टरने ठरावीक आठवड्यांसाठी, रात्री, फक्त डागावर लावायला दिली तर ही औषधं उपयोगी आहेत, त्यात वाद नाही. पण तीच ट्यूब फेअरनेस क्रीमसारखी दोन-दोन वर्षं अख्ख्या तोंडाला फासली जाते. मग कातडी पातळ होते, गालावर लव वाढते, मुरमं येतात, आणि ट्यूब बंद केली की आग होऊन चेहरा पहिल्यापेक्षा काळा पडतो. म्हणून माणूस पुन्हा ट्यूब आणतो. हे चक्र एकदम न तोडता डॉक्टरच्या देखरेखीखाली तोडायचं, कधी सौम्य स्टेरॉइडवर उतरवून. हायड्रोक्विनोन अनेक महिने चालू राहिलं तर निळसर काळी, खरबरीत अशी कायमची छटा बसू शकते. दक्षिण आफ्रिकेत हा त्रास इतका पसरला की १९९० मध्ये उजळवणाऱ्या क्रीममधून हायड्रोक्विनोनवर बंदी आली.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायच्या १४ स्टेरॉइडांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर. ट्यूब घेतलीच तर मागे बारीक अक्षरांत बघा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांपैकी काही दिसलं तर ती चेहऱ्यासाठी स्वतःहून घ्यायची वस्तू नव्हे.

गजकर्णाचं प्रकरण याच काउंटरवरचं. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल अशी तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते, आणि कड्यात कडं असे चट्टे उठतात. वर भारतातल्या या बुरशीच्या एका जातीवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध अनेकदा लागूच पडत नाही. सावळ्या कातडीला इथे आणखी एक फटका बसतो. गजकर्ण बरं झालं तरी जागा महिनोन्महिने काळी राहते. माणसाला वाटतं आजार आहेच, आणि ट्यूब चालू. ओळखायची खूण सोपी आहे. कडा उचललेली, खवले आणि खाज असेल तर बुरशी जिवंत. कडा सपाट, गुळगुळीत, खाज नाही, नुसता तपकिरी रंग, तर तो डाग आहे. त्याला बुरशीचं औषध नको, वेळ हवा.

पार्लरमध्ये सुट्या डबीत मिळणाऱ्या 'स्पेशल' क्रीमबद्दल एकच सांगायचं. उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो, आणि पारा किडनीवर जातो. अकोल्यातल्या एका कुटुंबात आणि केरळच्या मलप्पुरममध्ये अशा क्रीममुळे किडन्या बिघडलेले रुग्ण २०२३ च्या बातम्यांत येऊन गेले. ग्लुटाथिओनच्या 'ग्लो ड्रिप'लाही रंग उजळण्यासाठी औषध म्हणून मान्यता नाही. नसेतून घ्यायची गोष्ट आहे ती, ऑफरमध्ये घ्यायची नव्हे.

सनस्क्रीन

"आम्ही आधीच काळे, आम्हाला कशाला?" भाजण्यापासून वाचायला म्हणाल तर खरंच कमी गरज. वांग आणि मुरमांचे डाग असतील तर मात्र हवंच, आणि इथे साधं सनस्क्रीन अपुरं पडतं. एसपीएफचा आकडा मुख्यतः भाजवणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांचा, पीएपुढची अधिकची चिन्हं यूव्हीए किरणांची. पण सावळ्या कातडीला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळवंडवतो आणि तो या दोन्हींत मोजलाच जात नाही. त्याला अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे रंगछटा असलेलं, 'टिंटेड' सनस्क्रीन. घटकांच्या यादीत सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे शोधा. नुसतं झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड जाडसर असेल तर चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं, आणि लोक मग चिमूटभरच लावतात. एसपीएफचा छापील आकडा मिळतो तो चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावल्यावर. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं.

कंपन्यांची खोड अशी की टिंटेडमध्ये दोन-तीन छटा काढायच्या आणि त्यातली गव्हाळ छटा 'सर्वांसाठी' म्हणून विकायची. गडद रंगाच्या माणसाला ती धुरकट दिसते. जबड्यावर रेघ ओढून दुकानाबाहेर उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली सगळंच जुळतं. दर दोन तासांनी पुन्हा लावणं बागेत काम करणाऱ्याला जमत नाही, त्याला घट्ट विणीचं गडद उपरणं आणि रुंद काठाची टोपी जास्त कामाची.

डाग नसलेले डाग

निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या शेतकऱ्यांना पापण्या, मानेच्या घड्या आणि कोपराच्या खोबणीत जाडसर काळेपणा आला तर तो उन्हाचा समजून पील करू नये. गाजरगवताची अॅलर्जी अशीच दिसते, आणि खाज ही तिची खूण. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा ठिपका पडत असेल तर चिकटपट्टीतल्या रसायनाचा संशय घ्यावा. टिकली बंद, आणि लवकर दाखवा.

अंगावर फिकट चट्टा दिसला की घरात कोड म्हणून घाबरतात नाहीतर शिबं म्हणून सोडून देतात. डोळे मिटायला सांगून कापसाच्या बारीक वातीने चट्ट्यावर हलकं शिवा. शिवलेलं कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून शहरात येण्याचीही गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरुवात होते, औषधं फुकट मिळतात, चट्टे पाचपर्यंत असतील तर सहसा सहा महिने, जास्त असतील तर बारा. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ च्या निर्णयापासून केसपेपरलाही पैसे नाहीत. आडगावच्या वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयासारखी शिकवणारी रुग्णालयंही आहेत. तिथे रांग असते, पण पॅकेजचं कार्ड दाखवत नाहीत.

खासगीत जायचं असेल तर पाटीवरची पदवी वाचा. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. तो संकेतस्थळावर तपासता येतो. नुसतं 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला असलेल्या गावात एवढी चौकशी करायला लाजू नये. तीळ किंवा चामखीळ काढायची असेल तर छाती, खांदा किंवा कानाची पाळी असल्यास "केलॉइड (जखमेबाहेर फुगत जाणारा व्रण) होईल का?" हे आधी विचारा. आणि बर्फाने, म्हणजे द्रव नायट्रोजनने, चेहऱ्यावरचं काही जाळू देऊ नका. रंग बनवणाऱ्या पेशी बाकीच्या पेशींच्या आधी थंडीने मरतात, म्हणून तिथे पांढरा ठिपका राहतो.

मानेवरचा मखमली काळेपणा मात्र पार्लरवाल्यांनी मळ म्हणून घासू नये, आयांनीही मुलांना दगडाने चोळू नये. वजन वाढलेलं असेल आणि बगलेतही तसंच दिसत असेल, तर ते शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याचं लक्षण आहे. आधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या, क्रीमचं नंतर बघू.